वर्गणीचा रुपया पोचतो कसा?

गणपती-नवरात्राच्या दिवसांत, दिवाळीच्या आधी किंवा शाळा-कॉलेजे सुरू होण्याच्या सुमारास दारावरची बेल वाजते. दोन-तीन ओळखीचे चेहरे पावतीपुस्तक घेऊन उभे असतात. गावातल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी, आजारी माणसांसाठी मदतनिधी गोळा करतोय, असे सांगतात. आपण शंभर-पाचशे रुपये देतो, पावती घेतो, ती खणात टाकतो आणि विसरून जातो. त्या रुपयाचे पुढे काय होते, हे आपण फारसे विचारत नाही. विचारले तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असा संकोच वाटतो. आणि कधी एखाद्या संस्थेतल्या गैरव्यवहाराची बातमी वाचली की आपण एकदम दुसऱ्या टोकाला जातो. सगळे सारखेच, असे म्हणून दार लावून घेतो.

ही दोन्ही टोके टाळायची तर अशी छोटी स्थानिक संस्था पैसा जमवते कसा आणि वाटते कसा, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे.

मूठभर धान्याची परंपरा

थोडे थोडे गोळा करून मोठे काम उभे करणे आपल्याकडे नवे नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य बाजूला काढले जाई. त्यालाच मुष्टिफंड म्हणत. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. महर्षी कर्वे यांचे नाव आपण स्त्रीशिक्षणाशी जोडतो, पण आपल्या गावासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळे होती. गावकीच्या खोलीत महिन्याची वर्गणी जमायची आणि त्यातून गावच्या शाळेचे छप्पर, देवळाची दुरुस्ती, एखाद्याच्या आजारपणाचा खर्च भागायचा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. मूठभर तांदूळ कुणाच्या ताटात गेले, हे दिसत होते. आज गाव वाढले, गावचा माणूस पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला गेला. दिसण्याची जागा कागदाने घेतली. पावती, ठराव, ताळेबंद हा सारा रुक्ष कारभार जुन्या ओळखीच्या जागी आला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा कंटाळा येत नाही.

पैसा कुणाच्या मालकीचा?

मदतीचे काम करणारी स्थानिक संस्था महाराष्ट्रात सहसा दोनपैकी एका मार्गाने जन्माला येते. एक तर न्यासपत्र करून ती सार्वजनिक विश्वस्त संस्था, म्हणजे ट्रस्ट, म्हणून नोंदली जाते; किंवा किमान सात जण एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी स्थापन करतात आणि मग तीही विश्वस्त संस्था म्हणून नोंदवतात. दोन्हींवर देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची. त्यासाठीचा कायदा १९५० सालचा. तो पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जाई, आता त्याच्या नावात महाराष्ट्र आले आहे. नोंदणी झाली की क्रमांक मिळतो आणि त्याच्या आधी एक अक्षर असते. ‘ई’ असेल तर जातिधर्मनिरपेक्ष धर्मादाय संस्था, ‘एफ’ असेल तर सोसायटी म्हणूनही नोंदलेली संस्था. पावतीवर हा क्रमांक छापलेला असतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी किंवा मदतीसाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

आता महत्त्वाचा मुद्दा. आपण पावती घेतली त्या क्षणी तो रुपया आपला राहिला नाही. पण तो अध्यक्षांचा, चिटणिसांचा किंवा खजिनदारांचाही झाला नाही. तो संस्थेच्या उद्दिष्टाचा झाला. विश्वस्त हा त्या पैशाचा मालक नसून राखणदार असतो आणि त्याचबरोबर तो पैसा योग्य जागी पोचवण्याचे काम त्याच्यावर असते. आपल्याकडे ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ अशी म्हण आहे. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे फार सोपे असते. विश्वस्ताला रोज त्या मोहापासून दूर राहायचे असते. कायद्यातली बहुतेक कलमे या एका गोष्टीसाठी आहेत.

जमा कशी होते

स्थानिक संस्थेचे उत्पन्न चार-पाच वाटांनी येते. पहिली वाट सभासदांच्या वार्षिक वर्गणीची. रक्कम लहान असते, पण तिचा भरवसा मोठा. दुसरी वाट स्मरणार्थ देणग्यांची. आई-वडिलांच्या वर्षश्राद्धाला, एकसष्टीला, मुलाच्या पहिल्या पगारातून अशी रक्कम येते. अनेक संस्थांचा खरा आधार हाच असतो. तिसरी वाट कार्यक्रमाची. एखाद्या नाटकाचा प्रयोग किंवा गाण्याची मैफल ठेवायची आणि तिकीटविक्रीतून, स्मरणिकेतल्या जाहिरातींतून निधी जमवायचा. यात राबणूक फार आणि नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांचे मानधन वजा जाता हाती येते ते कधीकधी निराश करणारे असते. चौथी वाट रद्दीची. दर महिन्याला सोसायट्यांतून जुनी वर्तमानपत्रे गोळा करून विकणाऱ्या संस्था आहेत. पाचवी वाट बँकेतल्या ठेवींच्या व्याजाची.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल हल्ली बरेच बोलले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. पण तालुक्याच्या गावातल्या संस्थेपर्यंत हा पैसा क्वचितच येतो. कंपनीला एका ठिकाणी मोठे काम आणि त्याचा सविस्तर अहवाल हवा असतो. पाच हजारांच्या पन्नास मदती तिच्या चौकटीत बसत नाहीत.

परदेशी गेलेल्या गाववाल्यांच्या देणगीबाबत एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. परदेशात राहूनही ज्याचे नागरिकत्व भारतीय आहे, त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही. पण त्यानेच तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर तीच रक्कम विदेशी देणगी ठरते. मग २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. नोंदणी असली, तरी २०२० च्या दुरुस्तीपासून ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. त्यामुळे एखाद्या उत्साही भाच्याने न्यूजर्सीहून पैसे पाठवतो म्हटले, तर खजिनदार आधी त्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते विचारतो. तो उर्मटपणा नसतो, सावधगिरी असते.

पावतीचे महत्त्व

पावतीपुस्तकाला क्रमांक असतात आणि प्रत्येक पावतीची स्थळप्रत पुस्तकात राहते. कुणाकडे कोणते पुस्तक दिले, याची नोंद ठेवली जाते. कामाची शिस्त असलेल्या संस्थेत रद्द झालेली पावतीसुद्धा फाडून टाकत नाहीत. ती आडवी रेघ मारून पुस्तकातच ठेवतात. रोख जमा झाली की ती लवकरात लवकर बँकेत भरायची, जमेतून परस्पर खर्च करायचा नाही, हा साधा नियम आहे. परस्पर खर्चातला प्रत्येक पैसा प्रामाणिकपणे गेला असला, तरी नंतर तो सिद्ध करता येत नाही.

देणगीदाराला आयकरात मिळणारी जी सवलत सगळे ‘ऐंशी जी’ या नावाने ओळखतात, तीही पावतीशी जोडलेली आहे. मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट ठरावीक मर्यादेत मिळते. मात्र रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर ती मिळत नाही. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती, २०१७ मध्ये ती खाली आली. नव्या करपद्धतीची निवड केलेल्यांनाही ही वजावट मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून तर संस्थेला देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो आणि तिथून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. निनावी देणग्यांची एकूण रक्कम एका मर्यादेपलीकडे गेली, तर धर्मादाय संस्थेला त्यावर तीस टक्के कर बसतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण चांगलीच आहे. पण खजिनदाराच्या वहीला मात्र ते कळलेच पाहिजे.

एका थैलीत तीन कप्पे

बाहेरून पाहणाऱ्याला संस्थेच्या खात्यात अमुक लाख रुपये पडून आहेत, एवढेच दिसते. मग ‘एवढे पैसे आहेत तर मदत का नाकारली?’ असा प्रश्न येतो. प्रत्यक्षात त्या थैलीत तीन कप्पे असतात.

पहिला कप्पा कायम निधीचा. देणगीदाराने ‘ही रक्कम कायम ठेवा, फक्त व्याज वापरा’ असे लिहून दिले, की मुद्दलाला हात लावता येत नाही. दुसरा कप्पा विशिष्ट हेतूच्या निधीचा. ‘दहावीतल्या मुलींसाठी’ म्हणून दिलेल्या पैशातून डायलिसिसचे बिल भरता येत नाही, मग रुग्ण कितीही गरजू असो. तिसरा कप्पा सर्वसाधारण निधीचा. कार्यकारिणीला स्वतःची बुद्धी वापरायला खरी मोकळीक इथेच असते.

हिशेब समजावा म्हणून एका मध्यम संस्थेचे एक काल्पनिक वर्ष घेऊ. सभासद वर्गणी दीड लाख, स्मरणार्थ देणग्या दोन लाख, नाटकाच्या प्रयोगातून खर्च वजा जाता ऐंशी हजार, रद्दीचे वीस हजार आणि ठेवींचे व्याज दीड लाख. एकूण जमा सहा लाख. आता वजाबाकी करू. स्मरणार्थ देणग्यांपैकी एक लाख कायम निधीसाठी आले. ते ठेवीत गेले. उरले पाच लाख. हिशेबतपासनिसाचे शुल्क, जागेचे भाडे, टपाल-छपाई आणि अर्धवेळ कारकुनाचा पगार मिळून साठ हजार. उरले चार लाख चाळीस हजार. त्यातले नव्वद हजार फक्त औषधोपचारासाठी आलेले. म्हणजे विद्यार्थ्यांसाठी उरले साडेतीन लाख. आणि अर्ज आले बासष्ट. प्रत्येकाची मागणी सरासरी पंधरा हजारांची. बेरीज केली तर नऊ लाख तीस हजार.

आता काय करायचे? सर्वांना सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेपाच हजार येतात. कुणाचीच फी पुरी होत नाही. पूर्ण मदत करायची म्हटली, तर तेवीस मुले निवडावी लागतात आणि एकोणचाळीस जणांना नाही म्हणावे लागते. त्या एकोणचाळिसांत एखादी मुलगी अशी असते, की फी भरण्याची तारीख पुढच्या सोमवारी आहे आणि तारीख गेली की हातची जागा जाते. दान गोळा करताना घाम येतो, पण झोप उडते ती या बैठकीच्या आदल्या रात्री. अशा कामात वर्षे घालवलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल.

निवड कशी होते

म्हणून वाटपाची एक पद्धत लागते. प्रथम छापील अर्ज. त्याला गुणपत्रिका, फीची पावती किंवा मागणीपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. पण दाखल्यावरून सगळे कळत नाही. शेतमजुराच्या उत्पन्नाला कागद नसतो, तर कधी बऱ्यापैकी उत्पन्न असलेल्याकडेही कमी आकड्याचा दाखला असतो. त्यामुळे दुसरी पायरी गृहभेटीची. दोन कार्यकर्ते, शक्यतो त्यांत एक बाई, घरी जाऊन येतात. घरात कमावते किती, आजारी कोण, कर्ज किती, मुलांपैकी कुणाचे शिक्षण थांबले, हे बोलता बोलता कळते. तपासनीस म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे लागते. चहा नाकारू नये, आणि घरातल्या वस्तूंची मोजदाद करत बसू नये. घरात जुना टीव्ही दिसला म्हणून अर्ज फेटाळणाऱ्या माणसाला गृहभेटीला पाठवणेच चूक.

तिसरी पायरी समितीची बैठक. इथे दोन नियम पाळले, तर निम्मे वाद टळतात. पहिला, ज्याच्या नात्यातला किंवा शेजारचा अर्ज असेल, त्याने त्या अर्जाच्या वेळी बाहेर जाऊन बसायचे. दुसरा, मंजुरीप्रमाणेच नकाराचेही कारण इतिवृत्तात लिहायचे. ‘निधी अपुरा’ हे कारण असेल तर तसे लिहावे; ‘पात्र नाही’ असे लिहू नये. पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा अर्ज करतो, तेव्हा त्या एका ओळीने फरक पडतो.

चौथी पायरी पैसे देण्याची. शक्य तिथे धनादेश कॉलेजच्या किंवा रुग्णालयाच्या नावाने काढतात. त्यात कुणावर अविश्वास नसतो. घरात अडचण असताना हातात आलेले पैसे आधी किराणा दुकानाच्या उधारीत जातात, आणि त्यात त्या आईची काही चूक नसते.

काही संस्था विद्यार्थ्यांना मदत बिनव्याजी परतफेडीच्या बोलीवर देतात. कागदावर ते कर्ज, प्रत्यक्षात शब्दावरचा विश्वास. नोकरी लागल्यावर सगळे परत करतात असे नाही. पण जे करतात, त्यांचा पैसा पुढच्या मुलाला जातो आणि त्यांतलेच काही पुढे स्वतः कार्यकर्ते होतात. शिवाय ‘मी दान घेतले’ ही बोच राहत नाही.

पैशाआधी माहिती

चांगली संस्था ओळखायची एक खूण आहे. ती स्वतःचा पैसा सर्वांत शेवटी वापरते. आधी त्या माणसाच्या हक्काचे काय आहे, ते शोधते.

रुग्णालयाचे उदाहरण घ्या. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांना सवलतीत द्याव्या लागतात. १९५० च्या कायद्यातले कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना याला आधार आहे. यासाठी रुग्णालयाला एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. पण खेड्यातून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तो अनामत रक्कम किती, या चिंतेत काउंटरसमोर उभा असतो. अशा वेळी संस्थेने दिलेल्या दहा हजारांपेक्षा रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या टेबलापर्यंत त्याच्यासोबत जाणारा कार्यकर्ता अधिक मोलाचा ठरतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हेही तिथेच कळते. संस्थेचे नव्वद हजार मग प्रवास, तपासण्या, योजनेबाहेरची औषधे यांसाठी उरतात आणि दुप्पट माणसांना पुरतात.

शिक्षणाचेही तसेच. राज्य सरकारने २०२४ साली निर्णय घेतला, की आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा आणि महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरलेला हवा. अशा मुलीचा फीसाठी अर्ज आला, तर समितीने आधी तो ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला बसवावे. मग लक्षात येते, की तिची खरी अडचण खाणावळ, खोलीचे भाडे, एसटीचा पास आणि पुस्तके ही आहे. फी माफ होऊनही केवळ खाणावळीच्या बिलापायी घरी परतायची वेळ येऊ शकते. संस्थेचा पैसा तिथे लावला, तर तो नेमका कामी येतो.

खर्च, ठेवी आणि हिशेब

‘आमच्याकडे शंभरातले शंभर रुपये गरजूपर्यंत जातात’ असे कुणी अभिमानाने सांगितले, तर कौतुक करावे, पण जरा विचारही करावा. टपाल, छपाई, हिशेबतपासणी यांचा खर्च कुणीतरी करतच असते. बहुधा एखादा विश्वस्त पदरचे घालतो. तो आहे तोवर ठीक. तो थकला की काम बसते. गृहभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्याचे एसटीभाडे द्यायला लाजणारी संस्था हळूहळू गृहभेटीच बंद करते. बेताचा आणि उघडपणे दाखवलेला व्यवस्थापन खर्च हा कमीपणा नाही. लपवलेला खर्च हा कमीपणा आहे.

उलट, पैसा नुसता साठवून ठेवणेही योग्य नाही. आयकराची सवलत घेणाऱ्या संस्थेने आपल्या उत्पन्नाचे किमान पंच्याऐंशी टक्के उद्दिष्टावर खर्च करावेत, अशी अपेक्षा असते. पंधरा टक्के शिल्लक टाकता येतात. त्याहून अधिक बाजूला ठेवायचे तर कशासाठी आणि किती वर्षांसाठी, हे आधी कळवावे लागते.

कायम निधीच्या बाबतीत काळ बदलला आहे. २००० सालच्या सुमारास लाखभराच्या मुदत ठेवीवर वर्षाला दहा हजारांच्या आसपास व्याज येई आणि त्यात दोन-तीन मुलांची वर्षाची सोय होई. आज त्याच लाखावर सात हजारांच्या आतबाहेर मिळतात आणि एका मुलाची दोन-तीन महिन्यांची खाणावळ भागते. ज्यांच्या नावाने ती ठेव आहे, त्यांचे नाव दरवर्षी आदराने वाचले जाते, पण ठेवीचे बळ आटलेले असते. म्हणून हल्ली जाणती संस्था नव्या देणगीदाराला सुचवते, की सगळी रक्कम कायम निधीत अडकवू नका. निम्मी तरी येत्या काही वर्षांत खर्चायला मोकळी ठेवा. विश्वस्तांना मात्र जास्त व्याजाच्या मोहाने कुठेही पैसे गुंतवता येत नाहीत. कायद्याने ठरवून दिलेल्या बँका, टपाल खाते, सरकारी रोखे यांच्या चौकटीतच राहावे लागते. स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

वर्ष ३१ मार्चला संपते. हिशेब तपासून घेऊन त्याचा अहवाल सहा महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात सादर करायचा असतो. विश्वस्त बदलले, कुणी वारले, कुणी राजीनामा दिला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. अनेक भल्या संस्था घसरतात त्या इथे. पैसे कुणी खाल्लेले नसतात, पण निवडणुकीवरून दोन गट पडतात, बदल अर्जावर हरकत येते, प्रकरण वर्षानुवर्षे चालते. नोंदवहीत जी नावे असतात त्यांतले दोघे हयात नसतात. बँक म्हणते, सह्या कुणाच्या चालतील ते आधी ठरवून आणा. ठेवी बँकेत सुरक्षित असतात आणि बासष्ट अर्ज कपाटात पडून राहतात. चोरीची बातमी होते. या थांबलेल्या पैशाची कधी बातमी होत नाही, पण ज्या मुलाची तारीख टळली, त्याच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक नसतो.

देणाऱ्याने काय विचारावे?

तेव्हा पुढच्या वेळी दारावरची बेल वाजेल, तेव्हा आनंदाने द्या आणि संकोच न करता चार गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक काय? मागच्या वर्षी किती जमले आणि किती जणांना दिले? अर्ज कोण तपासते? आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद पाहायला मिळेल का? प्रामाणिक कार्यकर्त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, कुणीतरी विचारले याचे त्याला बरे वाटते. नोंदवहीचा उतारा धर्मादाय कार्यालयात शुल्क भरून कुणालाही मागता येतो, हेही लक्षात असू द्या. शक्य असेल तर मोठी रक्कम एकदाच देण्याऐवजी दरमहा थोडी द्या. जूनमध्ये किती पैसे हाती असतील, हे ज्या समितीला जानेवारीतच कळते, तिला मुलांना आधी शब्द देता येतो. देणगी देताना हेतू फार अरुंद ठेवू नका. आणि मदत घेणाऱ्याचा धनादेश हातात धरलेला फोटो मागू नका. आपल्याला त्यात समाधान मिळते, पण त्या मुलाला तो फोटो वर्गात, वाडीत, पुढे सोयरिकीच्या वेळीसुद्धा पुरतो.

आणखी एक करता येईल. संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. बहुतेक गावांत या सभेला पंधरा-वीस माणसे असतात, त्यांतली दहा पदाधिकारीच असतात. अहवाल वाचला जातो, टाळ्या पडतात, चहा होतो. तिथे एकाने जरी उठून विचारले, की बासष्टांपैकी एकोणचाळीस मुलांचे पुढे काय झाले, तर पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याचे उत्तर शोधून लिहावे लागते. जुन्या काळी मूठभर तांदूळ देणाऱ्या बाईला ते कुणाच्या ताटात गेले, हे माहीत असायचे. आपल्यालाही ते कळू शकते. त्यासाठी वर्षातली एक संध्याकाळ द्यावी लागेल.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)